दवनीवाड्याचा निळा चौकोन

१६ जुलै

जुन्या वहीला बुरशी आली म्हणून ही नवीन. जुनी कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं. तरी बुरशी. गोंदियात पावसाळ्यात माणूस सोडून सगळं वाढतं.

मला या जिल्ह्याच्या ओलाव्याची किळस येते. एकदाच स्वच्छ लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहावं लागणार नाही. गल्लीत चिखल, बाथरूममध्ये गांडूळ, मोज्यांना वास, स्टाफरूमचा एक कोपरा खर्रा थुंकून लाल झालेला, आणि तोही ओला. तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतोय, हे अकरावं वर्ष. पीएचडी झाली की यातून सुटलो.

विषय: दोन वाळवंटी देशांमधला दुष्काळ आणि तिथल्या पिकाखालच्या जमिनीतला ओलावा, एक तौलनिक अभ्यास. देश नामिबिया आणि जॉर्डन. हेच दोन काऊन, असं गाईड सरांनी सहा वर्षांपूर्वी विचारलं होतं. मी हवामानाचं काहीतरी कारण दिलं. खरं म्हणजे फोटो पाहिले तेव्हाच ठरलं होतं. नजर जाईल तिथवर चिखल नव्हता.

शिवाय उपग्रहाचा डेटा फुकट मिळतो. कुठे जावं लागत नाही. फार स्वच्छ विषय आहे.

संकल्प: रोज पाचला उठणे. रोज पाचशे शब्द. तीस सप्टेंबरला प्रबंध पूर्ण.

१७ जुलै

सव्वासातला उठलो. ढग इतके होते की पाच वाजलेले कळलेच नाहीत.

२० जुलै

दवनीवाड्याला, आमच्या गावी, जावं लागलं. रोवणा. बाबांच्या तीन बांध्या आहेत तिथे, त्यांत धानाची रोपं लावायची. बाबांना वाटतं मी निदान उभं तरी राहावं. राहिलो, धुऱ्यावर, म्हणजे दोन बांध्यांमधल्या बांधावर. बायका गुडघाभर चिखलात वाकून गाणी म्हणत होत्या. कशाबद्दल आनंद होतो या लोकांना, कळत नाही.

परतताना डावी चप्पल चिखलात रुतली. बाबांनी हात घालून काढली, बांधीतल्याच पाण्यात धुतली आणि माझ्यासमोर ठेवली. वय चौऱ्याहत्तर. मला लाज वाटली नाही, किळस वाटली. हे लिहिताना थोडी लाज वाटतेय, पण वही खाजगी आहे.

बाबांची ओलावा मोजायची पद्धत: बांधीत पाय टाकायचा. घोटा बुडला तर घरी जायचं, टाच कोरडी राहिली तर तलावाकडे पळायचं. इकडे माणसं उपग्रहावरून मातीचा ओलावा मोजताहेत आणि आमच्या घरी अजून पाय.

आज शब्द: शून्य. प्रवास झाला.

३ ऑगस्ट

बाबा धुऱ्यावरून घसरले. मांडीचं हाड. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पाय टेकायचा नाही.

बघा. चिखल. मी कधीपासून सांगतोय.

९ ऑगस्ट

बाबांना आमच्या गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरी आणलं. समोरच्या खोलीत खिडकीशी कॉट. माझी बायको रेणू सकाळी शाळेत जायच्या आधी त्यांचं सगळं करते. ती शाळेत क्लार्क आहे, परमनंट. ही गोष्ट ती कधीच बोलून दाखवत नाही, त्यामुळे जास्त लागते.

बाबांनी आज मला कॉटजवळ बसवलं. त्यांनी जन्मात विकतचा तांदूळ खाल्लेला नाही. नवीन धान निघालं की आमच्या घरी त्या पहिल्या तांदळाचा भात होतो, देवाला दाखवतात आणि मग सगळे जेवतात. आई गेली त्या सालीसुद्धा झाला होता. यंदा बांध्यांकडे पाहायला कोणी नाही.

म्हणाले, "यंदा तू पाह्यजो. तीनच बांध्या आहेत. पाण्याची पाळी तेवढी चुकवू नोको."

दुसरं काही मागितलं नाही. मी हो म्हटलं. भूगोलाचा माणूस तीन बांध्या सांभाळू शकत नसेल तर मग कोण सांभाळणार?

१४ ऑगस्ट

ऑनलाइन मागवलेलं ओलावामापक आलं. दोन काड्या, वर डिस्प्ले. गाईड सर सारखे म्हणतात की नुसता उपग्रह चालत नाही, प्रत्यक्ष जमिनीत जाऊन पडताळणी करा. नामिबियाला जाणं सध्या शक्य नाही. दवनीवाड्याला जाणं शक्य आहे, पण पाऊस आहे.

म्हणून पडताळणी अंगणात केली. तुळशीची कुंडी. रीडिंग ६२. उपग्रहाचा गोंदियाचा आकडा जवळपास तोच. पडताळणी यशस्वी. प्रकरण तीनमध्ये परिच्छेद टाकला. "निवडक ठिकाणी" असं लिहिलं.

रेणू रोज सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घालते, हे लिहिलेलं नाही. तो स्थानिक घटक आहे.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. मैदानात चिखल. प्राचार्यांचं भाषण पाऊण तास. उजव्या पायाच्या बोटांमध्ये खाज सुटली आहे.

२६ ऑगस्ट

ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

उपग्रह जमिनीचे पंचवीस-पंचवीस किलोमीटरचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनाचा एक आकडा. कोरडा असेल तर लाल, ओला असेल तर निळा. आज जॉर्डनचा नकाशा पूर्ण रंगवून झाला आणि पश्चिमेला, शेतीच्या अगदी लगत, एक चौकोन गडद निळा निघाला. बाराही महिने निळा. दुष्काळी म्हणून घेतलेल्या सालांतसुद्धा निळा. नामिबियात तर असे चौकोन पश्चिमेला एकाखाली एक रांगेनं आहेत.

म्हणजे या देशांत दुष्काळ आहे, पण पिकाखालच्या जमिनीवर त्याचा परिणाम नाही. इतकी वर्षं सगळं जग रडतंय. मला जेवढं वाचून झालंय त्यात हे कुणीच म्हटलेलं नाही. मला दोन पेपर वाचून झालेत, पण दोन्ही महत्त्वाचे होते.

स्टाफरूममध्ये केमिस्ट्रीच्या हिमांशुला दाखवलं. खर्रा गालात धरूनच बोलला, "भाई, रेगिस्तान में इतना पानी? एक बार गूगल मैप पे देख तो ले, वहाँ है क्या."

केमिस्ट्रीवाल्यांनी परीक्षानळ्या धुवाव्यात. गूगल मॅप ढाबा शोधायला असतो.

२७ ऑगस्ट

निष्कर्षाचं शीर्षक बोल्ड केलं. फॉन्ट बदलला. थकलो.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. गुलाबाचं फूल मिळालं, देठाला चिखल.

पाऊस थांबून दहा दिवस झाले. पहिल्यांदाच मोजे वाळले. मला बरं वाटतंय, बाकी सगळे तोंड पाडून फिरतात. बाबा तर दिवसातून चारदा विचारतात, बांधीत पाणी आहे का, पाय टाकून पाह्यलास का? आज जरा चिडलो. मग विचार केला, आपल्या हातात साधन असताना चिडायचं कायले?

लॅपटॉप कॉटवर घेऊन बसलो. जॉर्डनसाठी बसवलेली रीत दवनीवाड्याला लावली. चौकोन गडद निळा. बाबांना दाखवला. हा आपला चौकोन, बाबा. जॉर्डनपेक्षा निळा. ओलावा चौऱ्याऐंशी टक्के.

त्यांनी चष्मा लावून खूप वेळ पाहिलं. विचारलं, आपल्या बांध्या यात कोणत्या. मी म्हटलं, सगळं यातच आहे. "वरतून दिसते का एवढं," म्हणाले. मी हो म्हटलं. "मंग बरं," म्हणाले आणि कुशीवर वळून झोपले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा दुपारी झोपले.

विज्ञान म्हणतात ते हे.

१४ सप्टेंबर

रेणू म्हणाली, शाळेच्या रस्त्यावरचं धान पिवळं पडून राहिलंय, आपण रविवारी दवनीवाड्याला जाऊन येऊ. तिचं माहेर इटियाडोह धरणाच्या कालव्यावर. तिकडे कालव्याचं दार उघडलं की पाणी शेतात चालत येतं, त्यामुळे त्या लोकांना पाणी डोळ्यांनी पाहायची सवय आहे. मी समजावून सांगितलं की एका रस्त्यावरून अख्ख्या प्रदेशाचा अंदाज घेणं अशास्त्रीय असतं. तिने विचारलं, एका चौकोनावरून शास्त्रीय असतं का. तिचं शिक्षण बीकॉम आहे.

रविवारी प्रकरण चार पूर्ण करायचं आहे.

१५ सप्टेंबर

काल रविवारच होता. प्रकरण चार राहिलं. क्रिकेटची मॅच होती.

१९ सप्टेंबर

दवनीवाड्याहून ईश्वरदासचा फोन. ईश्वरदास म्हणजे गावतलावाचा पाणकर. तलावाचं दार उघडतो, ज्याची पाळी त्याच्या बांधीकडे पाणी वळवतो. त्याचा बाप तेच करायचा, आजा तेच करायचा. म्हणाला, तलावात पाणी कमी आहे, यंदा प्रत्येकाला एकच पाळी मिळेल. आपली चोवीस तारखेला, सकाळी सहा ते बारा. मालकानं स्वतः हजर राहायचं.

सकाळी सहा. मी माणूस आहे की कोंबडा?

२४ सप्टेंबर, दुपारी ३

गेलो होतो. बाबांनीच पाचला उठवलं, कॉटवरून हाका मारून. पांढरे कॅनव्हासचे बूट घातले, कारण चिखल लागणार नाही याची खात्री होती. तलावाच्या काठावर पोहोचलो तेव्हा साडेसात. ईश्वरदास दार न उघडता बसून होता. मालक आल्याशिवाय उघडायचं नाही, असा नियम आहे म्हणे. खाली धुरपताबाई उभी होती. तिची बांधी आमच्या बांध्यांना लागून, आणि तिची पाळी आमच्या नंतर, सगळ्यात शेवटी. तिच्यापर्यंत येता येता पाणी संपणार, हे तिला माहीत होतं. चेहरा उतरला होता.

बांध्या तिथून अर्धा किलोमीटर. वाट पाटाच्या कडेनं, आणि पाट गळत होता. म्हणजे चिखल. माझे बूट पांढरे.

मी काठावर उभा राहून मोबाइलवर चौकोन उघडला. आज एक्क्याऐंशी टक्के. आपल्याला पाण्याची गरजच नाही. उलट जास्त पाण्यानं मुळं कुजतात, हे मी बारावीला शिकवतो. शेजारी एक गरजू बाई. माणसानं अशा वेळी मोठं मन दाखवावं. मी ईश्वरदासला सांगितलं, आमची पाळी धुरपताबाईला द्या.

तो उठून उभा राहिला. म्हणाला, धान निसवायला आलं आहे, लोंब्या बाहेर पडायच्या वेळेला पाणी नसलं तर दाणा भरत नाही, शालीकरामभाऊंना, म्हणजे बाबांना, विचारलं का? मी म्हटलं, यंदा मी पाहतो आहे. धुरपताबाई खूश होईल असं वाटलं होतं. ती मात्र म्हणाली, "मास्तर, बांधीत पाय टाकून पाह्यलं का? टाकून पाहा, मंग द्या. मी थांबतो."

मी तिला मोबाइल दाखवला. ती निळा रंग पाहून मागे सरली. शिकलेल्या माणसासमोर काय बोलणार? ईश्वरदासनं वहीत सही घेतली. पाळी देली म्हणजे देली, म्हणाला, मंग या साली वापस नाही. गावची रीत आहे. मी सही इंग्रजीत केली.

बूट एकदम पांढरे राहिले.

२४ सप्टेंबर, संध्याकाळी

बाबांनी विचारलं, पाळी झाली का? मी म्हटलं, पाण्याचं सगळं व्यवस्थित झालं. हे खोटं नाही. फक्त कोणाचं ते सांगितलं नाही. त्यांनी रेणूला सांगून माझ्यासाठी चहा करवला, साखर जास्त टाकून. लहानपणी चांगले मार्क पडले की असा चहा मिळायचा.

३० सप्टेंबर

आज प्रबंध पूर्ण व्हायचा होता. तारखा माणसासाठी असतात, माणूस तारखांसाठी नसतो. दहा ऑक्टोबरला विद्यापीठात प्रबंधपूर्व सेमिनार आहे. तोवर नक्की.

बारावीच्या वर्गात दवनीवाड्याचं उदाहरण दिलं. उपग्रहाच्या आधारे जलवाटपाचा योग्य निर्णय. टाळ्या पडल्या नाहीत, पण पोरं जागी होती.

७ ऑक्टोबर

पाऊस नाही. ऊन असं की आहाहा. सगळा गाव आभाळाकडे पाहून हळहळतोय. रेणू तीनदा म्हणाली, दवनीवाड्याला जाऊन ये. मी तीनदा सेमिनार म्हटलं. पीपीटीला वाळूच्या रंगाचं बॅकग्राउंड दिलं आहे. बोटांमधली खाज गेली.

१० ऑक्टोबर, रात्री ८, परतीच्या गाडीत

सविस्तर लिहिणार नाही.

लिहितो. समोर गाईड सर, दोन विभागप्रमुख आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडम. पन्नाशीच्या, साध्या कॉटनच्या साडीतल्या. समोसा अर्धा खाऊन बाजूला ठेवलेला. मी जॉर्डनच्या निळ्या चौकोनापर्यंत आलो आणि मुद्दाम थांबलो, परिणाम व्हावा म्हणून. झाला. मॅडमनी फार मऊ आवाजात विचारलं, या चौकोनात काय आहे?

मी म्हटलं, पिकाखालची जमीन. त्यांनी माझ्याच लॅपटॉपवर खाली गूगल मॅप उघडला.

मृत समुद्र.

मग त्या नामिबियाच्या रांगेवर गेल्या. तिथे अटलांटिक महासागर.

हॉलमध्ये पंखा चालू होता. मॅडम म्हणाल्या, "चौकोनात पाणी असेल तर आकडा पाण्याचा येतो, मातीचा येत नाही. पाणी आधी वगळावं लागतं. तुम्ही सहा वर्षं समुद्राचा ओलावा मोजलात."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. गाईड सर समोश्याकडे पाहत होते. मग म्हणाले, पहिल्यापासून करा. सहा महिने वाढवून देऊ.

मला विद्यापीठाची, समोश्याची, त्या पंख्याची किळस आली आहे. समुद्र शेताच्या इतक्या जवळ ठेवायलाच नको होता.

११ ऑक्टोबर, सकाळी

एका अर्थानं निष्कर्ष बरोबरच आहे. समुद्र ओला असतो.

११ ऑक्टोबर, दुपारी

जेवताना घास हातात राहिला. दवनीवाड्याच्या चौकोनाखाली मी नकाशा कधी उघडलाच नव्हता.

उघडला. एका कडेनं वैनगंगा. मध्ये गावतलाव. आजूबाजूच्या गावांचे आणखी नऊ तलाव, मोजले. पंचवीस किलोमीटरच्या त्या चौकोनात आमच्या तीन बांध्या कुठे आहेत, ते सापडेना. मोठं करून करून पाहिलं, तेव्हा नखाएवढा पट्टा दिसला. चौऱ्याऐंशी टक्के नदीचे होते. तलावांचे होते.

समोरच्या खोलीतून बाबांनी विचारलं, आज किती आला? रोज विचारतात ते आता. मी लॅपटॉप बंद केला आणि म्हटलं, नेट नाही.

११ ऑक्टोबर, संध्याकाळी

स्कूटी घेऊन गेलो. वाट कोरडी, पाट कोरडा. कुठेही चिखल नव्हता. बूट काढायची गरज नव्हती, पण काढले. पहिल्यांदा आमच्या बांधीत पाय टाकला.

टाच कोरडी राहिली. जमिनीला भेगा होत्या, त्यातल्या एकीत अंगठा गेला. लोंब्या बाहेर पडल्या होत्या, सरळ उभ्या, पांढुरक्या. वजनच नव्हतं त्यांना. एक तोडून दाण्यावर नख दाबलं, तर आत काहीच नाही. धुऱ्यापलीकडे धुरपताबाईचं धान हिरवं, लोंब्या वाकलेल्या. मध्ये हातभर रुंद धुरा.

ओलावामापक खिशात होतं. खुपसून पाहावं म्हणून काढलं. जमीन इतकी टणक की काडी वाकली.

ईश्वरदासकडे गेलो. तलावाचा तळ दिसत होता, मधल्या डबक्यात म्हशी. मी म्हटलं, थोडं तरी. त्याने वही आणली आणि माझी इंग्रजी सही दाखवली. रागानं नाही, म्हणजे मला आठवत नसेल तर, अशा भावानं.

मग म्हणाला, "पाणी असतं तर रीत मोडून देलं असतं. शालीकरामभाऊसाठी मोडली असती. पाणीच नाही."

मला स्वतःची किळस आली. इतर किळसांपेक्षा ही वेगळी आहे. हिला वास नाही.

१२ ऑक्टोबर

बाबांना सांगायचं ठरवलं. सकाळी सांगणार होतो, त्यांची मालिश चालली होती. दुपारी झोपले होते. संध्याकाळी सांगितलं की ओलावा किंचित कमी आहे. किती, म्हणाले. मी म्हटलं, बघू.

१३ ऑक्टोबर

रेणूनं सांगितलं. काल रात्री मी तिला सांगितलेलं सगळं, सहीसकट. मी स्वयंपाकघरात उभा होतो. बाबा ओरडतील याची वाट पाहत होतो. ओरडले असते तर मलाही दोन शब्द बोलता आले असते, उपग्रहाच्या मर्यादांबद्दल. ते रेणूला म्हणाले, खिडकी लावून घे, ऊन येऊन राहिलं.

तेव्हापासून त्यांनी बांधीत पाणी आहे का, असं विचारलेलं नाही. हा प्रश्न दिवसातून चारदा यायचा तेव्हा मला राग यायचा.

२० ऑक्टोबर

प्रबंधात बसलो. पाणी वगळून दोन्ही देशांचे नकाशे पुन्हा रंगवले. सगळं लाल. नामिबिया लाल, जॉर्डन लाल. आता काय तुलना करणार? बंद केलं.

२ नोव्हेंबर

धान कापलं. वॉकर मिळाल्यापासून बाबांचा हट्ट, मला नेऊन दाखवा. रेणूच्या शाळेतल्या कुणाची तरी गाडी आणली. बाबा धुऱ्यावर खुर्चीत बसले. झोडपलेलं धान सुपात घेऊन उपणलं, तर बहुतेक वाऱ्यासोबत निघून गेलं. तीन बांध्यांचं मिळून एक पोतं, तेही अर्धं. आतलं निम्मं फोल. गाईला घालण्यापुरतं.

बाबांनी वॉकर बाजूला ठेवायला लावला. मी त्यांना धरलं. दुखऱ्या पायाची चप्पल काढून त्यांनी बांधीत पाय टाकला, हळूच. मी म्हटलं, डॉक्टरांनी नाही सांगितलंय.

माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तुले वाळवंटच पाहायचं होतं ना बाबू? जवळच होतं."

चिडून नाही म्हणाले. पत्ता सांगितल्यासारखं म्हणाले. मी त्यांच्या पायाची माती पुसली आणि चप्पल घातली. माती कोरडी होती, हाताला लागली नाही.

३ नोव्हेंबर

संकल्प: पुढच्या वर्षी पाळीच्या दिवशी सकाळी पाचला तलावावर. पाय टाकून पाहणार. रबरी बूट घेणार. नाही, बूट नको.

९ नोव्हेंबर

सकाळी धुरपताबाई आली. एसटीनं, डोक्यावर टोपली. नवीन तांदूळ, पाच किलो तरी असेल, वर फडकं बांधलेलं. बाबांच्या पाया पडली. तुमच्या घरी यंदा नवीन भात व्हायचा राहिला म्हणून आणला, म्हणाली. बाबा म्हणाले, आमची रीत आपल्या बांधीच्या भाताची आहे. मी जागचा उठलो नाही. मला वाटलं, परत पाठवतात.

ती म्हणाली, "तुमच्याच पाण्याचा भात आहे, भाऊ. फक्त धुऱ्याच्या इकडं पिकला."

बाबांनी फडकं सोडलं. मूठभर तांदूळ हातात घेतले, खूप वेळ धरले. एक दाणा तोंडात टाकला, चावला. मग रेणूला हाक मारून म्हणाले, मांड.

भात झाला. देवाला दाखवला. धुरपताबाईला जेवायला ठेवून घेतलं. बाबा वॉकर घेऊन खाली पाटावर बसायला निघाले, शेवटी खुर्चीवर बसले. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की पुढच्या साली पाळीला मी स्वतः जाणार, पाचला उठून, पाय टाकून पाहणार.

बाबांनी भातावर वरण ओतून घेतलं, कालवलं, पहिला घास खाल्ला.

मग म्हणाले, "पुढच्या साली पाळीले रेणू जाईन. तू घरी राह्यजो."

रेणू हो म्हणाली. धुरपताबाईनं मान हलवली. मी पण हो म्हटलं, पटकन. मला आधी हायसं वाटलं, आणि मग ते हायसं वाटल्याचं फार वेळ वाईट वाटत राहिलं.

बाबांनी दोनदा भात घेतला. मीही घेतला. चांगला होता.